साहूचं दुकान मी हलवलं होतं

"काकू, लिस्टमध्ये ती शाळाच दिसून नाही राहिली."

वनिता गेडाम दारातच उभी होती. चॉइस सेंटरवर शाळेचा ऑनलाइन फॉर्म भरायला गेली होती, ती तशीच माझ्याकडे आली.

मी या हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या शहरात, कॅम्प-1 वस्तीत, वीसेक वर्षं घरं दाखवते. लोक प्रॉपर्टी डीलर म्हणतात, मी आपली दलालच म्हणते. वनिताला तिचं घर मीच मिळवून दिलं होतं, दिवाळीनंतर. दोन खोल्या, वर पत्रा, नळ फक्त सकाळी. त्याच भावात पुढे बरं घर मिळत होतं. पण तिला शाळा हवी होती.

आमच्याकडे खाजगी शाळेत गरीब घरच्या मुलांसाठी काही जागा फुकट असतात. पहिला हक्क त्याच वॉर्डातल्या मुलांचा, म्हणून फॉर्ममध्ये आपल्याच वॉर्डातल्या शाळा दिसतात. तिची आर्या पहिलीच्या वयात याच वर्षी बसत होती, पुढच्या वर्षी मोठी ठरली असती. नवरा प्रकाश प्लांटमध्ये ठेकेदाराकडे वेल्डर. भंडाऱ्याकडचा शेतातला हिस्सा भावाला विकून त्यानं हे घर घेतलं. मीच म्हटलं होतं, "शाळा आपल्याच वॉर्डात हाय, बिनधास्त बयाना दे." बयाना म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम.

पण सौद्याच्या आधीच निगमनं, इथल्या महापालिकेनं, परिसीमन केलं होतं, म्हणजे वॉर्डांच्या हद्दी नव्यानं आखल्या. नव्या हद्दींची यादी ऑफिसच्या भिंतीवर लागते, हरकती मागवतात. ती कोण वाचतं? मीही वाचली नाही. घरं विकणाऱ्या बाईनं वाचायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी वनिताला घेऊन निगममध्ये गेले. बाबूनं कागद पुढे सरकवला. "पढ़ लीजिए, अम्मा."

लिहिलं होतं, नाल्यापासून साहू किराण्यापर्यंतची गल्ली शाळेच्या वॉर्डात. इकडे हद्दी अशाच लिहितात. कोणाचं घर, कोणाचं दुकान, पिंपळाचं झाड. ओळ जुनीच होती. मी दोनदा वाचली आणि खुर्ची ओढून बसले.

साहूचं दुकान आधी गल्लीच्या पार टोकाला होतं. दोन वर्षांमागे मीच त्याला आठ घरं अलीकडे, नाल्याच्या बाजूला, जागा पाहून दिली. त्याचे लाडूही खाल्ले. ओळ तीच राहिली, पण मोजणाऱ्यानं रेघ मारली ती आजच्या दुकानाशी. मधली आठ घरं वॉर्डाबाहेर. त्यातलं तिसरं गेडामांचं.

"साहब, दुकान पहले आगे था."

"हमको क्या मालूम? जहाँ है, वहीं से नापा. किसी ने आपत्ति दी थी?" आपत्ति म्हणजे हरकत.

"नहीं. पर दुकान तो मैंने ही हटवाया था."

बाबूनं पहिल्यांदा मान वर केली. "तब तो आप ही को आना था, अम्मा."

अर्ज दिला. त्यानं शिक्का मारून ठेवून घेतला. पुढच्या परिसीमनात बघू, म्हणाला.

ऑटोत वनिता माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "तुमाले माहीत होतं का, काकू?"

"नाही गं."

"माहीत असतं तर सांगितलं असतं का? सौदा होऊन राहिला होता तेव्हा?"

"सांगितलं असतं," मी म्हटलं. इतक्या लगेच म्हटलं, की माझी मलाच शंका आली.

नव्या वॉर्डात अशा जागा एकाच शाळेत होत्या. लॉटरीत आर्याचं नाव निघालं नाही. सरकारी शाळेत नाव घातलं. प्रकाश मला म्हणाला, "राहू द्या काकू, मीबी सरकारीतच शिकलो." मग म्हणाला, "म्हणून तं उन्हात वेल्डिंग करून राहिलो."

घर विकायचं ठरलं. तीन गिऱ्हाइकं नेली. तिघांनीही नळ पाहायच्या आधी विचारलं, "स्कूल किस वार्ड में पड़ेगा?" आणि भाव पाडला. साहूच्या दुकानाअलीकडे, शाळेच्या वॉर्डात, तसलंच पत्र्याचं घर आहे, त्या घराचा मालक मात्र आता हसून भाव वाढवतो. गेडाम अजून तिथंच राहतात. वनिता भेटली की बोलते. चहाला बोलवत नाही.

परवा साहू आला. "मौसी, मालिक किराया बढ़ा रहा है. पुराना वाला कोना खाली है क्या?"

रिकामा होता. मी स्वतः जाऊन त्याचं सामान लावून दिलं. दलाली घेतली नाही. पुढच्या परिसीमनात ती आठ घरं परत येतीलही. आर्याला त्याचा काही उपयोग नाही.

आता घर दाखवताना मी सांगते, पाणी पाहा, रजिस्ट्री पाहा, पण वॉर्डाचा कागद आधी वाचा. आणि त्यात ज्याच्या दुकानाचं नाव असेल, ते भाड्याचं आहे की मालकीचं, तेवढं विचारून घ्या.