दादाच्या तोंडावर बोल

कप्तान होल्गर ब्रामसेन मुळात आरमाराचा माणूस. तोफांच्या जहाजावर त्याने जवानी काढली आणि बढती अडली तेव्हा नाव कमवायला उत्तरेच्या बर्फावर आला. तिथल्या वस्तीतल्या इनालुक नावाच्या बाईच्या थोरल्या भावाने, उतुनिआकने, त्याला दोन हिवाळे आपल्या घरात ठेवून घेतलं. सीलच्या चरबीचा पहिला तुकडा कप्तानाला, मग पोरांना. कप्तान त्यांची भाषा शिकला, उतुनिआकला भाऊ म्हणू लागला, इनालुकला ताई.

मग एका वसंतात कप्तान आणि उतुनिआक स्लेज, म्हणजे कुत्र्यांनी ओढायची बर्फगाडी, घेऊन निघाले आणि कप्तान एकटा परतला. बर्फ फुटला, उतुनिआक गेला, एवढं सांगून तो जहाजात चढला. इनालुक रडली, पण तिने कुणाला बोल लावला नाही. बर्फ माणसं नेतोच.

थंडी पडता पडता तिला मुलगा झाला. मेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तो माणूस घरी परततो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इनालुक बाळाला दादा म्हणे आणि तिचा नवरा त्या तान्ह्या जिवाला अदबीने मेहुणे म्हणे.

पुढे वस्तीत जहाजांचा माल विकणाऱ्या दुकानदाराकडून कळलं की कप्तानाने आपल्या देशात छापून आणलंय, उतुनिआक भेकड निघाला, मोहीम सोडून पळाला. इनालुकच्या अंगाची लाही लाही झाली. ज्याची चरबी खाल्ली त्यालाच भेकड म्हणायचं? आणि ते नाव आता तिच्या पोराच्या अंगावर होतं. जन्मभर त्याने पळपुटा म्हणून फिरायचं?

उन्हाळ्यात कप्तान पुन्हा आला, नव्या मोहिमेसाठी कुत्री आणि हाकणारे मागायला. वस्ती किनाऱ्यावर जमली. तिथल्या बायका अंगरख्याच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत बाळ ठेवतात; इनालुकने त्यातून बाळ काढलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"हा उतुनिआक. काय छापलंस ते दादाच्या तोंडावर बोल."

"ताई, हे तर तान्हं बाळ आहे."

"ताई म्हणू नकोस. आणि तान्ह्याला काय भितोस? पळाला होता ना तो?"

बायका खुसखुसल्या. बाळाने कप्तानाच्या कोटाचं पितळी बटण मुठीत धरलं. कप्तानाने त्या मुठीकडे बघितलं.

"बर्फाला भेग पडली तेव्हा तो पलीकडे राहिला," तो हळूच म्हणाला. "स्लेज माझ्याकडे होती. मी थांबलो नाही."

"त्याने हाक मारली?"

"मारली."

"हे तिकडे जाऊन सांगशील?"

कप्तानाने बाळाची बोटं उकलून बटण सोडवून घेतलं. तेच त्याचं उत्तर.

आणि एवढं होऊनही निर्लज्ज माणूस दारोदार कुत्री मागत फिरला. कुणी त्याला हाकललं नाही, शिवी दिली नाही. प्रत्येक घरातून एकच जबाब आला: "उतुनिआकला विचार. तो म्हणाला तर येतो."

पुढे त्याला तिकडे पदक मिळालं म्हणतात. मिळो. इथे त्याच्यासाठी एकही कुत्रं कुणी जुंपलं नाही. त्याचं जहाज वळलं तेव्हा उतुनिआक आईच्या मांडीवर बसून सीलचं हाड चोखत होता, आणि त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.