दोन लहान, एक लांब

रामटेके काका वायरलेस सेटपुढे बसले की आधी चष्मा काढून खिशात ठेवायचे. काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली, तरी दिवसभर चष्मा डोळ्यांवर असायचा. तिथे मात्र नको. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इथं डोळ्याचं काय काम हाये वं? कान हाये नं मले!"

सदर भागातल्या एका गल्लीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते. काका तार ऑफिसातून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या, मुलगा परगावी. हौशी रेडिओचं लायसन मात्र तरुणपणापासूनचं. गच्चीवरच्या त्यांच्या अँटेनाच्या तारेवर मी आल्या आल्याच ओली ओढणी वाळत घातली होती. "पोरीनं ओढणी टाकून अर्धी दुनिया बंद केली," असं ते वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले. नंतर मागे लागून त्यांनी मला लायसनची परीक्षाही द्यायला लावली.

रोज सकाळी सात वाजता ते कुहीच्या डोमाजींशी बोलत. दोघे तार ऑफिसात शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेले. निवृत्तीनंतर डोमाजी गावी धानाच्या शेतीवर गेले आणि टेबलांमधलं अंतर तेवढं वाढलं. रेडिओवर आवाज वरच्या बाजूने पाठवता येतो किंवा खालच्या. दोन्ही टोकांना एकच बाजू लागते, नाहीतर तोंडात पाण्याची गुळणी धरून कोणी बोलावं तसं ऐकू येतं. त्यांच्या लहरींच्या पट्ट्यावर सगळं जग खालच्या बाजूने बोलतं. हे दोघे हट्टाने वरच्या. "गर्दीत बोलून कोणाले समजते गा?" हा डोमाजींचा शब्द, आणि तो काकांनी आयुष्यभर पाळला.

बाजू बदलायचं बटण दाबलं की काकांचा सेट तारेच्या भाषेत त्या बाजूचं अक्षर वाजवायचा. वरच्या बाजूचं, 'अपर'चं, अक्षर यू, म्हणजे दोन लहान, एक लांब. टिं टिं टींऽ. ते ऐकू येईपर्यंत काका बटण दाबत राहायचे, आणि मगच माइक हातात घ्यायचे.

मग डोमाजींना लकवा झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. काका म्हणाले, "तो बोलत नाही तं काय झालं? मी बोलतो, तो ऐकते." मी सुचवलं, फोन करा. "फोनवर लोकं उत्तराची वाट पाह्यतात, पोरी. त्याले लाज वाटंल." मग कुहीला डोमाजींची सून, वनिता, सकाळी सातला त्यांच्या पलंगाशी सेट लावून द्यायची आणि इकडून काका अर्धा तास एकटेच बोलायचे. पिकाचं, पावसाचं, तार ऑफिसातल्या जुन्या साहेबांच्या नकला.

आता माझं सांगते. काकांची बोटं थरथरायला लागली होती, बटण चार-चारदा दाबलं जायचं. मी सेटचं पुस्तक वाचलं आणि त्यात सापडलेली 'ऑटो' सोय लावून दिली: पट्टा बघून सेट आपोआप बाजू निवडतो. वर ते आवाजही बंद केले. "काका, आता काही दाबू नका. त्याला सगळं कळतं." काकांना मदत, हे कारण खरंच होतं. पण त्या टिंटिंने रोज माझी झोप मोडायची, हेही तितकंच खरं. आणि सेट कुठली बाजू निवडणार? जी सगळं जग वापरतं ती. हे परीक्षा पास झालेल्या मला सुचलं नाही.

काका आठ दिवस तसेच बोलले. त्यातल्या एका सकाळी त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं, दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. "झालं वं. चाळीस वर्षं मनात होतं, बोलून टाकलं त्याले." त्यांचा चेहरा इतका हलका झालेला मी कधी पाहिला नव्हता.

नवव्या दिवशी डोमाजी गेले. मी काकांना कुहीला घेऊन गेले. वनिता रडत रडत सांगत होती, "काकाजी, सेटमंधून आवाज गुळगुळ येऊन राह्यला होता. बाबा डाव्या हातानं पलंगाले सारखे ठोकत. मले वाटलं, आवाज मोठा कर म्हणून राह्यले. मी मोठा करत गेली."

"कसे ठोकत?" काकांनी विचारलं.

तिने पलंगाच्या पाटीवर बोट आपटलं. टक, टक, आणि मग बोट तसंच दाबून धरलं.

काका खाली बसले. "यू मागून राह्यला होता तो," एवढंच म्हणाले.

परतीच्या एसटीत मी त्यांचा हात धरून रडले. "काका, मी केलं हे." ते म्हणाले, "तू बटण दाबलं. कानाचा भरोसा तं मी सोडला नं." त्यांनी हात सोडवून घेतला नाही. पण माफ केलं, असंही म्हणाले नाहीत. घरी येऊन मी ऑटो काढलं, आवाज चालू केले. त्या दिवशी काय सांगितलं होतं, ते एकदा तरी पुन्हा बोला, असं मी सुचवून पाहिलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. "मोठ्या मुश्किलीनं बोललो होतो वं. दुसऱ्यांदा नाही जमत."

त्यानंतर माइक त्यांनी कधी हातात घेतला नाही. पण सकाळी सातला चष्मा खिशात ठेवून ते बसायचेच. टिं टिं टींऽ वाजेपर्यंत बटण दाबायचे, आणि अर्धा तास नुसती खरखर ऐकायचे. एकदा न राहवून मी विचारलं, "काका, काय ऐकता?"

"डोमाजी आठ दिवस माह्यं काहीच न समजता ऐकत बसला. तेवढं तं मी बी बसतो."

आठ दिवस नाही, दोन वर्षं बसले. यंदा होळीच्या आधी गेले, झोपेतच. मुलाने सेट मला दिला. लकडगंजच्या ऑफिसला निघण्याआधी, सकाळी सातला, मी तो लावते. यू वाजेपर्यंत बटण दाबते आणि खरखरीपुढे बसते. काकांचं बसून झालं. माझं अजून व्हायचं आहे.