कोठीतून निघालेला कुसुमचा स्टोव्ह

“म्याडम, पेटवू नका,” देवचंदभाऊ म्हणाले. त्यांच्या दवनीवाड्याच्या घरी, अंगणात, मी पितळी स्टोव्ह पुढ्यात घेऊन बसले होते. शेजारी त्यांची पुतणी प्रतिभा उभी होती. ती म्हणाली, “पेटवा.”

मी गोंदियात इंटिरियर डेकोरेशन करते. २०१२ साल असेल. भाऊंचं देवरीजवळ हायवेवर फॅमिली रेस्टॉरंट उभं राहत होतं आणि त्यांना भिंतींवर ‘पुरानी रसोई’ हवी होती. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, चहाच्या रंगीत पेट्या, शेवेचा सोऱ्या, पितळी स्टोव्ह. ह्याला थीम म्हणतात. घरात जे अडगळ म्हणून फेकायचं, तेच भिंतीवर टांगलं की लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. माझं पोट त्यावर चालतं, म्हणून मी हसत नाही.

भाऊंनी घरातल्या धानाच्या जुन्या कोठ्या रिकाम्या करवल्या होत्या. त्यांतनं निघालेलं सामान मी सकाळपासून घासत होते. स्टोव्हला काजळी आणि कोंड्याचा थर. चिंच-मीठ चोळलं तसं टाकीवर कोरलेलं नाव वर आलं. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून द्यायची आपली पद्धत. ‘चि. सौ. कां. कुसुम हिस सप्रेम भेट.’

“भाऊ, कुसुम कोण?” मी विचारलं.

भाऊ वाकून बघत राहिले. “माही वहिनी. प्रतिभाची माय. पण हा तिचा नाही राहू शकत. तिचा तं फुटला होता. त्याच्यातच जळाली ते.”

“दुसरा स्टोव्ह असेल मग.”

“दुसरा नोहता,” प्रतिभा मागून म्हणाली. ती मामाकडे वाढली होती. वडीलही आता नव्हते. काकांच्या हॉटेलात काउंटर सांभाळायला ती नुकतीच इकडे आली होती. “मामाकडच्या आजोबानं एकच देल्ला होता. मले लहानपणापासून सांगून राहिले, टाकी फुटली, तुकडे झाले तिचे. म्याडम, तुम्ही नीट पाहा.”

खरं सांगते, मला पाहायचं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातलं प्रकरण, आपण कशाला मध्ये पडा. पण पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि तपासणं तर माझं रोजचंच काम. शोभेची वस्तूसुद्धा मी चालू करून बघते, कारण गिऱ्हाईक तिला हात लावतंच.

स्टोव्हचं साधं असतं. टाकीत रॉकेल, पंपाने आत हवा भरायची, त्या दाबाने रॉकेल वर चढतं आणि बर्नरमध्ये पेटतं. टाकी फुटलेली असेल तर हवा टिकत नाही, सायकलच्या ट्यूबसारखं. मी पंपाचा वायसर बदलला, हवा भरली आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवली. बुडबुडा आला नाही. कुठे जोडकामाचा डाग दिलेला नव्हता. साधा पोचाही नव्हता.

“सांगा ना,” प्रतिभा म्हणाली.

“टाकी कधीच फुटलेली नाही,” मी म्हणाले.

मी रॉकेल भरून काडी घेतली, तेव्हा भाऊ नको म्हणाले, आणि ती पेटवा म्हणाली.

मी पेटवला. आधी पिवळी ज्योत उडाली, मग निळी बसली आणि तो ओळखीचा फर्रर्र आवाज सुरू झाला. आतल्या खोलीत भाऊंची म्हातारी आई खलबत्त्यात पान कुटत होती. ती ठकठक थांबली.

“माय, काही नाही. जुना स्टो हाय,” भाऊंनी अंगणातूनच सांगितलं.

आतून म्हातारी अगदी शांतपणे बोलली. “त्याच्यावर तं मी कोंडा टाकला होता. कोनं काढला?”

कोठीचं नाव कोणी घेतलं नव्हतं. कोणता स्टोव्ह, हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं.

प्रतिभा दारापर्यंत गेली. “आजी, काऊन लपवला?”

आतून खलबत्त्याची ठकठक पुन्हा सुरू झाली, आधीच्याच लयीत. मला आजही त्या आवाजाची भीती वाटते, स्टोव्हच्या नाही.

मी चावी सैल करून हवा सोडली. स्टोव्ह विझला. गार होईपर्यंत प्रतिभा त्याच्याजवळ बसून राहिली, मग ओढणीत गुंडाळून सौंदडला मामाकडे निघून गेली. ती परत त्या घरात आली नाही. मामाने पोलीस स्टेशन गाठलं, मीही जाऊन जबाब दिला. तिथला साहेब भला माणूस होता. म्हणाला, इतक्या वर्षांनी काय उभं राहणार, आणि म्हातारी तर काही बोलायलाच तयार नाही. ते वर्ष सरायच्या आत म्हातारी झोपेतच गेली. भाऊंनी रेस्टॉरंट उघडलं, भिंती साध्या पांढऱ्या ठेवून.

फुटलेल्या टाकीत हवा टिकत नाही. हे बघायला एक बादली पाणी लागतं. कुसुम गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं असणार, पंचनामाही झाला असणार. पण स्टोव्ह कुठे आहे, हे कोणी विचारलं नाही.