लूम थांबल्यावर

माझ्या लेकीने सिनेमात काम केलंय. ‘काय खरं रडते हो पोर!’ असं कुणी म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कामतघर वस्तीत आमची खोली कापड विणायच्या कारखान्याला लागूनच. मी तिथे सुताच्या कांड्या भरते. लूमच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून आम्ही नुसते ओठ हलवून बोलतो आणि समोरचा ते ओळखतो. माझी पोरही तसंच बोलायला शिकली.

तिचा बाप चालत्या लूमवरच छातीत कळ येऊन कोसळला. कारखान्यात माणूस गेला की आमच्या गल्लीतले सगळे लूम बंद करतात. त्या शांततेनेच पोर दचकून उठली, अनवाणी धावत आली. बापाचा हात थंड पडेपर्यंत धरून बसली होती. तेव्हापासून साधी लाईट जाऊन लूम थांबले तरी धावत यायची आणि माझा हात गरम आहे ना, ते बघायची.

मग सिनेमावाले आले. घर सोडून जाणाऱ्या बापाकडे बघत रडणारी मुलगी त्यांना हवी होती. हिला घेतलं. पण हिला काही केल्या रडू येईना. मी शिफ्टवर होते. आवाज नीट यावा म्हणून त्यांनी शेठला सांगून गल्लीतले लूम बंद करायला लावले. मेल्यांनी कुणाला विचारलं तरी का!

मी बाहेर येईपर्यंत टाळ्या वाजत होत्या. “क्या रोयी है बच्ची!” डायरेक्टर म्हणत होता. पोर मला बिलगली, सोडेचना. मला वाटलं, बापाची आठवण आली असेल. मलाही रडू फुटलं.

परवा तो सिनेमा थेटरात बघितला. गल्ली एकदम शांत होते, पोरीचे डोळे विस्फारतात, आवाज न काढता तिचे ओठ हलतात. मागची बाई मुसमुसत म्हणाली, “बापासाठी बघा कशी तुटते!”

आमच्या रांगेत कारखान्यातली माणसं होती. ती सगळी वळून माझ्याकडे बघायला लागली. त्यांनीही ते ओठ वाचले होते.

“माझी आय पन गेली काय?”

शेजारी बसलेल्या लेकीने अंधारात माझा हात चाचपला. गरम आहे ना, ते बघितलं आणि मग पुन्हा पडद्याकडे बघायला लागली.