गुंजांचा हिशेब

तिला सगळे मणीकाकू म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला, आणि मागच्या खोलीत खिडकीला लागून हिचं टेबल. टेबलावर पकडी, तारेची भेंडोळी, आणि जॅमच्या रिकाम्या बाटल्यांमधून काचेचे, लाकडाचे, शिंपल्याचे मणी. कानातली, माळा, ब्रेसलेट असं सगळं ती हातानं बनवायची. बोटांत अशी कला की तिनं ओवलेली माळ उलटी धरा की सुलटी, गाठ कुठं आहे ते सापडायचं नाही.

हिशेबाच्या नावानं मात्र शंख. आलेले पैसे एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे, लागतील तसे त्यातूनच काढायचे. डबा जड असला की धंदा बरा चाललाय, हलका असला की मंदी.

नवऱ्याची थोरली बहीण औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून सगळी नोकरी करून निवृत्त झालेली. तिला हे बघवायचं नाही. आली की चहाच्या आधी तोच विषय.

"आलं किती, लागलं किती, उरलं किती, गेलं कुणाकडे. चार रकाने आखायचे. एवढं लिहायला हात झिजतात का गं?"

"वन्सं, माझ्याकडे मणी आहेत, इंजेक्शनं नाहीत," मणीकाकू हसून म्हणायची आणि चहा टाकायला आत पळायची.

त्या वर्षी मणीबाजारातल्या एका विक्रेत्याकडे तिला गुंजा दिसल्या. लालभडक, टोकाला काळा ठिपका, जणू कुणी एकेक बी रंगवून पॉलिश केली आहे. शंभर ग्रॅमचं सीलबंद पाकीट. अर्धं मागितलं तर तो फोडून देईना, म्हणून तिनं सगळंच घेतलं. घरी बारीक ड्रिलनं एकेक बी भोक पाडून ओवली आणि टोकं अडकवायला माशाच्या आकाराचा पितळी फासा लावला. मुलांच्या मनगटाची मापं तिला तोंडपाठ होती, म्हणून बहुतेक ब्रेसलेट छोटीच केली. भोकं पाडताना डोळे चुरचुरायचे. तिला वाटलं, वय झालं, आता चष्म्याचा नंबर वाढला असणार.

ब्रेसलेट झपाट्यानं खपली. शाळेच्या मैदानावरच्या प्रदर्शनात काही गेली, काही गिफ्टच्या दुकानवालीनं ठेवून घेतली, काही बिल्डिंगमधल्या बायकांनी नेली.

मग एके दिवशी ती चांदीची तार आणायला म्हाताऱ्या सोनाराकडे गेली. हातात स्वतःसाठी केलेलं ब्रेसलेट होतं. सोनारानं तार मोजता मोजता तिच्या हाताकडे पाहिलं आणि तार खाली ठेवली.

"गुंजा आहेत का त्या? भोकं पाडून ओवल्यात?"

"हो. छान दिसतात ना?"

"आधी हातातून काढा ते." त्याचा आवाजच बदलला होता. "आमच्या वडिलांच्या वेळेस याच गुंजांनी सोनं तोलायचे. अख्खी बी चुकून पोटात गेली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते, कवच दगडासारखं असतं. पण तुम्ही कवचच फोडलंय. आत जहर आहे, ताई. एखाद्या पोरानं चावली तर…"

  मणीकाकूनं ब्रेसलेट काढून पिशवीत टाकलं. दुकानातल्या स्टुलावर ती बसली, तर स्टूल कुठं आहे हेसुद्धा हातानं चाचपावं लागलं.

घरी येऊन तिनं टेबलावरचं सगळं एका पिशवीत भरलं, पिशवी डब्यात, डबा कपाटावर. मग साबणानं हात धुतले. परत धुतले. नवरा कामावरून आल्यावर त्याला सांगितलं. तो बराच वेळ बुटाची लेस सोडत बसला.

"कुणाला काही झालंय का आत्तापर्यंत?"

"माहीत नाही."

"मग नाहीच झालं. झालं असतं तर बोंब झाली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. तूच दारोदार सांगत सुटलीस की मी विष विकलं, तर उद्या पोलीस उभे राहतील."

तो वाईट माणूस नव्हता. घाबरला होता, इतकंच. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते ऐकून क्षणभर बरं वाटलं. ती गप्प बसली. स्वयंपाक केला, जेवण वाढलं, स्वतः मात्र ताटावरून तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी ती भाजीच्या रांगेत होती. पुढं एका बाईच्या कडेवर साधारण दीड वर्षाचं मूल. ते आईच्या गळ्यातली माळ तोंडात घेऊन एकेक मणी चावत होतं, लाळेनं माळ चकचकत होती. निळी प्लास्टिकची साधी माळ ती, पण मणीकाकूला लाल गुंजाच दिसल्या. भाजी न घेताच ती रांगेतून बाहेर पडली आणि कोपऱ्यावरून वन्संना फोन लावला.

वन्सं तासाभरात आल्या. "तरी मी सांगत होते" असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्याचीच मणीकाकूला जास्त भीती वाटली. त्यांनी चष्मा पुसला, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, घरातले रबरी हातमोजे चढवले.

"पहिला प्रश्न, बाहेर किती गेलीत?"

"असतील दहा-बारा."

"असतील नको. काढू."

सोनाराचा छोटा काटा आणला. पाकिटावर वजन छापलेलं होतं, म्हणजे आलं किती ते कळलं. उरलेल्या अख्ख्या बिया तोलल्या. भोकं पाडून ठेवलेल्या तोलल्या. फुटलेल्या बियासुद्धा मणीकाकूनं काटकसरीच्या सवयीनं एका वाटीत साठवल्या होत्या, त्याही तोलल्या. घरात तयार पडलेली ब्रेसलेट फासे काढून काट्यावर ठेवली. वजा होता होता जे राहिलं, त्याला एका ब्रेसलेटमधल्या बियांच्या वजनानं भागलं. वन्संनी आकडा लिहिला आणि फाशांचं पाकीट उघडलं. त्यावर नगांचा आकडा छापलेला होता, आणि ते मासे दुसऱ्या कशालाच वापरले नव्हते. त्यांचीही मोजणी झाली. आकडा तोच आला.

एकवीस.

"एकवीस?" मणीकाकूनं आकड्यावर बोट ठेवलं. तिच्या मनातल्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे नऊ-दहा घरं अशी होती की जी तिच्या आठवणीतही नव्हती.

"आता कुणाकडे," वन्सं म्हणाल्या.

काही जणांनी मोबाइलवरून पैसे दिले होते, त्यांची नावं बँकेच्या मेसेजमध्ये मिळाली. सात ब्रेसलेट गिफ्टच्या दुकानवालीकडे गेलेली. बाकीची मणीकाकूनं डोळे मिटून आठवली. तिला चेहरे आठवत नसत, मनगटं आठवत. "एक जाड मनगट, घड्याळाचा पांढरा पट्टा… शिवणवाली! एक मुलगी, हातावर शाईचे डाग… तिसऱ्या गल्लीतल्या मास्तरांची." वन्सं लिहीत गेल्या.

मग मेसेज लिहायचा होता. मणीकाकूनं चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. शेवटी वन्संनी सांगितलं तसाच सरळ लिहिला: मी विकलेल्या लाल-काळ्या ब्रेसलेटमधल्या बिया विषारी आहेत. मला माहीत नव्हतं. मुलांपासून लांब ठेवा. मी स्वतः येऊन घेऊन जाते. पाठवायचं बटण तिनं दाबलं आणि चपला पायात सरकवल्या.

त्यानंतर दोघी घरोघर फिरल्या. शिवणवालीनं ब्रेसलेट शिलाईच्या डब्यातून काढून दिलं आणि वर पाणी विचारलं. मास्तरांनी दारातच झापलं, "धंदा करायचा तर अक्कल वापरून करा!" मणीकाकूनं मान खाली घालून ऐकून घेतलं. गिफ्टवाली म्हणाली, "माझ्या दुकानाचं नाव यात घ्यायचं नाही, सांगून ठेवते." पण अर्ध्या तासानं तिनंच स्वतःच्या गिऱ्हाइकांना फोन करायला सुरुवात केली. घेतलेलं प्रत्येक ब्रेसलेट वन्सं झाकणाच्या बरणीत टाकत आणि यादीवर खूण करत. खुणा वाढत होत्या, पण मणीकाकूची भीती कमी होत नव्हती. उरलेल्या घरांत ती सगळी गोळा होत होती.

बेकरीवाल्याच्या सुनेनं तिचं ब्रेसलेट बहिणीला दिलं होतं. बहिणीनं ते बाळाच्या गाडीला खेळणं म्हणून बांधलं होतं. हे ऐकल्यावर दोघी रिक्षा करून थेट तिकडे गेल्या. दार उघडणाऱ्या तरुण आईच्या खांद्यावर बाळ होतं, आठ-नऊ महिन्यांचं, मान टाकलेलं.

"ते लाल ब्रेसलेट कुठंय?"

"ते का? काल तुटलं. बिया वेचून ठेवल्यात वाटीत." मग त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून तिनं विचारलं, "का? काय झालं?"

वन्संनी वाटीतल्या बिया मोजल्या. छोट्या ब्रेसलेटला किती लागतात ते मणीकाकूला पाठ होतं; एक कमी होती. एकीवर बारीक चीर होती, दाताची की ड्रिलची ते कळेना.

"तोंडात गेली होती का?"

"एक मी बोटानं काढली… सकाळपासून उलट्या करतोय. मला वाटलं, दात येतायत म्हणून." आईचा आवाज चढत गेला. "सांगा ना, काय झालंय?"

मणीकाकूनं सांगितलं. तिनंच सांगायला हवं होतं. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिनं पाहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी वाटीतली एक बी पुडीत घेतली. "याला उतारा नाही," ते म्हणाले. "पाणी कमी होऊ द्यायचं नाही आणि लक्ष ठेवायचं. लवकर आणलंत ते बरं केलंत, नेमकं काय खाल्लं तेही कळलं. पण पुढचे दोन-तीन दिवस मी काही शब्द देणार नाही."

काचेच्या दाराबाहेर बाकडं होतं. मणीकाकू त्यावर टेकली, तशी आई बाहेर आली.

"तुम्ही इथं बसू नका. मला तुमचं तोंड बघायचं नाही."

"बरं," म्हणून मणीकाकू उठली. पण घरी गेली नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात बसून राहिली. दार वाजलं की ती उठून उभी राहायची. नर्स पळत गेली की वाटायचं, झालं. वन्सं तिच्या शेजारी बसून राहिल्या. पिशवीतल्या केळ्याला दोघींपैकी कुणी हात लावला नाही. नवराही आला. एक पायरी खाली बसला, आणि म्हणाला, "मी गप्प बस म्हणालो होतो."  

ती रोज येऊन त्याच पायऱ्यांवर बसली. चौथ्या दिवशी बाळाचा बाप जिन्यात आला. त्यानं दाढी केलेली नव्हती.

"दूध प्यायला," तो म्हणाला. "रडला मोठ्यानं. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही." मग म्हणाला, "तुम्ही आला नसतात तर आम्ही घरीच ठेवला असता त्याला. हे मला कळतं. पण बायकोला हे पटायला वेळ लागेल. तुम्ही जा आता."

ती गेली. त्या आईनं पुढं कधी तिच्याशी शब्द काढला नाही, रस्त्यात दिसली तर ती बाजू बदलायची. मणीकाकूलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

बरणीत वीस ब्रेसलेट जमा झाली. एक आलं नाही.

ते प्रदर्शनात गेलं होतं, एवढंच तिला आठवतं. एक माणूस, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रोख पैसे. मनगट काही त्यानं पुढं केलं नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करून दाखवला, "एवढंसं आहे हो." तो गोल फार लहान होता. शाळेच्या फलकावर सूचना लावली, गिफ्टच्या दुकानात लावली, स्थानिक पेपरात चार ओळी छापून आणल्या. कुणी आलं नाही. कदाचित ते ब्रेसलेट कुठल्या खणात पडलं असेल. कदाचित केव्हाच कचऱ्यात गेलं असेल. ती स्वतःला असंच सांगते.

धंदा तिनं सहा महिने बंद ठेवला, मग पुन्हा सुरू केला. आता काच, लाकूड आणि तार, बस. प्रत्येक वस्तूला नंबर, घेणाऱ्याचं नाव आणि फोन घेतल्याशिवाय ती काही हातातून सोडत नाही. गिऱ्हाइकं कुरकुरतात, "अहो, कानातली घेतोय, घर नाही." ती हसत नाही.

परवा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. एका बाईचा आवाज. "मणीकाकूच ना? मागं शाळेच्या प्रदर्शनात आमच्या ह्यांनी तुमच्याकडून काहीतरी घेतलं होतं बघा…"

हातातली पक्कड खाली पडली. मणीकाकू भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली.

"हॅलो? ऐकू येतंय ना?" बाई म्हणत होती. "निळी कानातली होती. त्यातलं एक हरवलं. तसंच दुसरं करून मिळेल का?"

मणीकाकूनं हात वर करून टेबलावरची नोंदवही खाली ओढली. 

"मिळेल," ती म्हणाली. "पण आधी सांगा, तुमच्याकडे लाल-काळ्या बियांचं ब्रेसलेट आहे का?"

"ब्रेसलेट? नाही बाई. फक्त कानातली."

"बरं," मणीकाकू म्हणाली. "निळा म्हणजे कुठला निळा? गडद की फिका?"