तेहतीसची रेकॉर्ड

आमचे भाऊजी चंपतराव म्हंजे हट्टाचं गाठोडं. मी खुशाल, त्यायचा साळा, मले हक्क हाय बोलाचा. आदिलाबादजवळच्या आमच्या जैनथच्या बस स्टँडपाशी रस्त्याच्या या बाजूले माहं भाजीचं दुकान, अन् त्या बाजूले, समोरासमोर, त्यायचं घर अन् घराले लागून बिछायत केंद्र. लगनाले मंडप, सतरंज्या, खुर्च्या, सैपाकाचे मोठाले गंज भाड्यानं देतेत. पन कोनी बिछायतवाले म्हनलं का ते तोंड फिरवतेत. ‘मी भोंगेवाला हाय,’ म्हनतेत. भोंगे जाऊन जमाना झाला, डीजेवाले आले, अन् हे आपले अजून भोंगेवाले. सुंभ जळलं पन पीळ काई गेला नाई.

खरं बोलाचं तं त्या काळात त्यायचा रुबाब होता. सायकलवर रेकॉर्डची मशीन, भोंगा अन् बॅटरी बांधून पैनगंगेच्या अलीकडं-पलीकडं साऱ्या लगनाईत हेच. मशीनीले एक खटका राह्यते. तेहतीसवर केला का रेकॉर्ड हळू फिरते, पंचेचाळीसवर केला का जोरात. मोठी रेकॉर्ड तेहतीसवर, लहान पंचेचाळीसवर, हे भाऊजीचं ठरलेलं. त्यायच्याकडं आल्या त्या मोठ्या रेकॉर्डी समद्या तेहतीसच्याच, म्हनून लेबल पाहाची सवयच नाई लागली. अन् दुसरा कायदा असा का खटक्याशी चाळा कराचा नाई. एकदा भीमपूरच्या वरातीत नवरदेवाचे दोस्त पिऊन आले अन् गंमत म्हनून खटका फिरवला. गाणारी बाई चिमनीसारखी चिवचिवाले लागली, लोक हसले. भाऊजीनं मशीन बंद केली, भोंगा उतरवला अन् भर वरातीतून घरी चालते झाले. म्हने, कोनी जीव लावून गायलं, त्याची चारचौघात टिंगल होऊ देनार नाई. नवरदेव बिचारा बिनगाण्याचा मांडवात गेला.

अशा मानसाच्या पोटी भूषण. माहा भाचा. पोरगं शिकलं, हैदराबादले गेलं, तिथी साउंडचं काम करते अन् बाकीच्या वेळात कॉम्प्युटरवर नाचाचं संगीत बनवते. त्यात ना गाणं ना गाणारा, नुसता ठोका अन् घूंघूं. मी एकदा इचारलं, बाबू, हे लागते कुठी? तं म्हने, मामा, हे अंडरग्राउंड हाय. मी म्हनलं, अंडरग्राउंड तं आमचा भुईमूगबी राह्यते, पन तो उपडल्यावर खाता तरी येते. हसलं पोरगं. बापानं मातर कदी आयकलं नाई. फोनवर पाठवलेलं तं नाईच नाई. ‘रेकॉर्डवर चढलं का आयकीन,’ असं एकदा बोलून बसले, अन् मंग तेच धरून बसले. पोराले वाईट वाटे. मले दिसे ते.

मंधात आमच्या अक्काले लकवा मारला. अक्का म्हंजे माही मोठी बहीन सोनाबाई, भाऊजीची बायको. उजवा हात अन् उजवा पाय गेला. जीव वाचला, वाचा आली, पायात थोडी ताकदबी आली. आदिलाबादचा डॉक्टर म्हने, आता चालाले पायजे, नाई चालली तं पाय कायमचा बसन. पन अक्का एकदा मोरीपाशी पडली अन् तिनं धसकाच घेतला. बाजेवरून उठाचं नाव नाई. मालिश झाली, काठी झाली, चार चाकाचं ते स्टँड झालं. मी रागावलो, भाऊजीनं हात जोडले. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहे.

तुमाले सांगतो, मले काय होत होतं ते. रोज सांजच्याला रस्ता ओलांडून अक्का माह्या दुकानात ये. कांद्याच्या पोत्यावर बसे, माह्या समद्या भाजीले नावं ठेवे, चहा पिये अन् जाये. तिच्या बोलन्याचा मले लय कटाळा ये तवा. आता ते पोतं रिकामं दिसे तं मले दुकानात बसवे नाई. मी त्याच्यावर टमाट्याचं कॅरेट ठेवून दिलं.

अन् तवाच भूषणचं पार्सल आलं. परदेशातल्या कोन्या लहानशा कंपनीनं त्याच्या संगीताची रेकॉर्ड काढली होती. खरीखुरी, काळी, मोठ्या ताटाएवढी. या काळात रेकॉर्डी निघतेत हेच मले नवल. पन म्हने तिकडं नाचनारे लोक हौसेनं घेतेत, जुन्याबी पुन्हा काढतेत. पिकते तिथी इकत नाई म्हनतेत ते खोटं नाई. भाऊजीनं माळ्यावरून मशीन काढली, पुसली, पट्टा बदलला, सुई पाह्यली. रेकॉर्ड मोठी, म्हनून खटका तेहतीसवर. सुई ठेवली.

मी होतो तिथी. आधी घूंघूं झालं, मंग ठोका आला. धप्प... धप्प... जड, दमादमानं. मले वाटलं हे कसलं नाचाचं, हे तं म्हशीच्या चालीचं. पन भाऊजी डोळे मिटून बसले होते. अन् बाजेवर अक्कानं तोंड फिरवलं. भिंतीकडून इकडं. तिच्या पायाचा अंगठा हलून राह्यला होता, उजव्या पायाचा.

दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. मंग खांब धरून उभी राह्यली. ठोका पडला का पाय उचले, एक सोडून दुसऱ्या ठोक्याले टेके. भाऊजी तिचा डावा हात धरून उलटं-उलटं चालत, अन् रेकॉर्ड संपली का धावत जाऊन सुई मागं आनत. खांबापासून दारापर्यंत, मंग दारातून आंगनात. म्हतारपनी दोघायचा नाच पाहून मी खिदळलो, अन् दुकानात येऊन डोळे पुसले. कशाले लपवू?

भाऊजीनं पोराले फोन लावला. मी कान देऊनच होतो. ते एवढंच बोलले, ‘भूषण, चांगलं वाजवलंस तू. जीव लावून वाजवलंस.’ मंग पोरगं म्हने, मी घरी येतो.

आलं. बसमधून उतरलं तं आधी माह्या दुकानात बॅग टेकवली, अन् समोरच्या घरातून येनारा ठोका आयकून तोंड एवढंसं झालं त्याचं. म्हने, मामा, हे काय करून राह्यलेत बाबा? ही पंचेचाळीसची रेकॉर्ड हाय. नाचाच्या रेकॉर्डी मोठ्या असल्या तरी पंचेचाळीसच्या राह्यतेत, लेबलवर लिहलं हाय. मी त्याले थांबवाले गेलो तं तो रस्ता ओलांडूनबी गेला. सरळ मशीनीपाशी गेला अन् खटका फिरवला. त्याचंबी काय चुकलं म्हना. बापानं कौतुक केलं ते भलत्याच गाण्याचं, हे त्याले लागलं.

अक्का तवा आंगनाच्या मधात होती. ठोका एकदम पळाले लागला. तिनं त्याच्यामागं पाय उचलाले पाह्यलं, एक पडला, दुसरा अडकला, अन् ती तोल जाऊन भाऊजीच्या अंगावर कोसळली. हाडं वाचली. पन चेहरा पांढराफट. दोघायनं उचलून तिले बाजेवर नेलं अन् तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

भाऊजीनं रेकॉर्ड हातात घेतली, चष्मा लावून लेबल वाचलं. वरात सोडून येनारा मानूस तो. पोराच्या पहिल्या रेकॉर्डवर आपनच खटका चुकवला, तोबी इतके दिवस. त्यायनं रेकॉर्ड पाकिटात घातली, मशीनीचं झाकन लावलं अन् भूषणले म्हनलं, ‘मी तुहं गाणं आयकलंच नाई. माफ कर.’

पोरगं रडकुंडीले आलं. म्हने, बाबा, लावा तेहतीसवर, आईले चालू द्या, माहंच गाणं हाय, मी सांगून राह्यलो. मीबी तावातावानं सांगतलं का भाऊजी, बायको मोठी का कायदा मोठा. ते हालले नाईत. म्हने, लेबलवर जे लिहलं ते गानाऱ्याचं वचन हाय, ते मोडून मी पोराच्या मेहनतीची टिंगल करनार नाई. असा संताप आला मले! पन त्यायच्या डोळ्यात पानी होतं. हट्टी मानूस रडून राह्यला तं त्याच्याशी भांडावं तरी कसं?

पंचेचाळीसवर लावून पाह्यलं. अक्कानं नाई म्हनून मान हलवली. दोन दिवस असेच गेले, अन् तिचा पाय पुन्हा जड होऊ लागला. भूषण तिच्यापाशी बसून पाय दाबून राह्यला होता, मी भाजी घेऊन गेल्तो. त्यानं सहज इचारलं, आई, तुले हळू वाजलेलं येवढं काऊन आवडलं?

अक्का म्हने, ‘आवडाचं काय त्याच्यात. माहाच हात हाय तो.’

भूषणचा हात जागीच थांबला. मले काई समजेना. मंग त्यानंच सांगतलं. तीन-चार उन्हाळ्यामांगं अक्का आंगनात वर्षाचं तिखट कांडून राह्यली होती, उखळात मिरच्या अन् हातात मुसळ. पोरानं फोनवर तो आवाज भरून घेतला होता. नाचाले पायजे म्हनून त्यानं तो जोरात पळवला अन् त्याचाच ठोका केला. कोनाले बोलला नव्हता. अन् भाऊजीनं चुकून तेहतीसवर लावली, तं मुसळ पुन्हा अक्काच्या चालीनं पडाले लागलं. जो हात आता उचलत नाई, त्याच हाताचा ठोका. म्हनून तिचा पाय उचलत होता. ती पहिल्याच दिवशी वळखून होती. सांगतलं काऊन नाई, तं म्हने, कोनी इचारलं?

भूषण उठला अन् धावत माह्या दुकानात गेला. भाजीच्या भावाच्या पाट्या लिहाचा माहा काळा मार्कर घेऊन आला. रेकॉर्ड काढली, लेबलवरच्या पंचेचाळीसवर काट मारली, वर तेहतीस लिहलं अन् खाली सही केली. बापापुढं धरली. ‘बाबा, मीच पळवून चुकवलं होतं. तुमी लावलं तेच खरं होतं. आता लिहूनबी दिलं.’

भाऊजीनं ते लेबल लय वेळ पाह्यलं. मंग सुई पुसली, खटका तेहतीसवर केला अन् अक्कापाशी जाऊन हात पुढं केला. ती उठली.

आता तुमी म्हनाल झालं, संपलं. नाई ना! आंगनात अक्का झकास चालाले लागली, पन रस्त्यावर यायचं तं आवाज दुरून आयकू आला पायजे. मी म्हनलं, भाऊजी, चढवा ना भोंगा छपरावर. तं म्हने, घरातलं घरात ठीक हाय, पन भोंग्यावर, चारचौघात, लेबल खोडलेली रेकॉर्ड वाजवनार नाई. मी कपाळावर हात मारून घेतला. येवढ्यासाठी माही बहीन आंगनात अडकली. भूषण मातर हसला. बापाले पुरता वळखते तो.

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या तवा दुसरं पार्सल आलं, मांगोमांग भूषणबी आला. पहिल्या रेकॉर्डी खपल्या होत्या, कंपनीनं पुन्हा काढल्या. या खेपेस एका बाजूले पहिलंच, पळनारं, अन् दुसऱ्या बाजूले हळू. त्या बाजूच्या लेबलवर छापलेलं तेहतीस अन् त्याच्या खाली मराठीत, सोनाबाई. भाऊजीनं त्या नावावरून अंगठा फिरवला, दोनदा. मंग भोंगा काढला अन् छपराले शिडी लावली.

सांजच्याला भोंग्यातून ठोका सुरू झाला अन् आख्खा स्टँड तिकडं पाहाले लागला. अक्का दारात आली. काठी डाव्या हातात, पदर खोचलेला. बाजूले भूषण, पन त्याले तिनं हात लावू दिला नाई. आदिलाबादची बस येऊन उभी झाली, ड्रायव्हरनं तेलुगूत काई तरी इचारलं, कोनी तरी सांगतलं, अन् त्यानं इंजिनच बंद केलं. मी दुकानातून उठलो नाई. उठलो असतो तं धावत जाऊन तिले धरलं असतं. नुसतं पोत्यावरचं टमाट्याचं कॅरेट उचलून खाली ठेवलं.

आली. पोत्यावर बसली. दम खाल्ला, इकडंतिकडं पाह्यलं अन् मेथीची जुडी उचलून म्हने, हे असं गवत इकते काय रे तू. मी चहा सांगाले वळलो. तवर तिकडं रेकॉर्ड संपली अन् भोंग्यातून नुसती खरखर येऊ लागली.

‘खुशाल,’ अक्का म्हने, ‘त्यायले हाक मार. म्हनावं सुई मागं आनून ठेवा. चहा झाला का मले घरी जायाचं हाय.’