पदराचा रंग

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. याला आर्किटेक्चरला घाला, असं वडिलांना घरी येऊन सांगितलं ते सरांनीच.

सरांकडे एका जुन्या युरोपीय चित्राची काळीपांढरी छापील प्रत होती. रोमन सेनापती मरणशय्येवर आहे, सैनिक हात उंचावून शपथ घेताहेत आणि उशाशी बसलेल्या बायकोने अंगावरच्या वस्त्राने तोंड झाकून घेतलं आहे. आम्ही त्याला पदरच म्हणायचो. सर सांगायचे, चित्रकाराने सगळ्यांचे चेहरे काढले, तिचा काढला नाही. तेवढं दुःख काढता येत नाही हे त्याला कळलं होतं. दरवर्षी ते चित्र ते आमच्याकडून रंगवून घेत. पदर पांढरा.

गेल्या वर्षी मूळ चित्र इथे, मी राहतो त्या मेलबर्नला, प्रदर्शनात आलं. मी फोन केला तेव्हा सर अंथरुणाला खिळले होते, ऐकूही कमी येत होतं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आमचं बोलणं एकमेकांना पोचवत होत्या. सरांनी एकच विचारलं.

"पदर पांढराच आहे ना? इतकी वर्षं पोरांना चुकीचं तर नाही शिकवलं?"

बघून ये आणि लिहून पाठव, फोनवरचं निसटतं, असंही म्हणाले.

रविवारी मी आणि बायको क्लेटन उपनगरातल्या आमच्या घरून ट्रेनने गेलो. चित्र भिंतभर होतं. शपथेचे ते हात बघून मी जागीच थांबलो. मग पदराकडे पाहिलं. निळा, चांगला गडद निळा. सरांना हे लिहायचं कसं, असं मी बायकोला म्हणालो.

ती चित्राकडेच बघत म्हणाली, "अरे, पांढरं कशाला घेईल ती? नवरा गेलाय कुठे अजून?"

घरी येऊन मी लिहिलं :

"आदरणीय सर, सा. न.
पदर निळा आहे. आपण तिला आधीच विधवा धरून चाललो होतो. तो अजून श्वास घेतो आहे, छातीवर उजेड आहे, म्हणून ती रंगीत वस्त्रात आहे. बाकी तुम्ही सांगितलंत तसंच आहे सगळं. तिच्यासमोर आले की बोलणारे लोकही गप्प होत होते. रंग तेवढा चुकला सर, शिकवणं नाही. काकूंना हे मोठ्याने वाचायला सांगा.
तुमचा विद्यार्थी"